पाइप धुऊन घे

“आधी पाय बुडव,” आत्या म्हणाली, “मग आत ये.”

दारात पसरट घमेलं ठेवलेलं होतं आणि त्यात ब्लीचिंग पावडरचं पांढुरकं पाणी. मी चप्पल काढून दोन्ही पाय बुडवले. मागून आईनं बुडवले. एसटीतून उतरून आम्ही तडक इथंच आलो होतो. बॅग अजून आईच्या खांद्यालाच होती. एरवी आत्या मला बघितलं की “आली का गं गारगी, नावातच गारवा” म्हणून गालगुच्चा घ्यायची. त्या दुपारी तिनं माझ्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. तिच्या हातात ताट होतं आणि ताटात रेशमाच्या अळ्या, माझ्या मधल्या बोटाएवढ्या, पांढऱ्याफेक. एकही हलत नव्हती.

“सकाळपासून एवढ्या गेल्या, वहिनी,” ती आईला म्हणाली. “खालून हवा गरम यायलीय.”

आईनं बॅग खाली टाकली, भिंतीतल्या जाळीसमोर हात धरला, आणि गणिताच्या पेपरात पहिलाच प्रश्न आला नाही की माझा होतो तसा तिचा चेहरा झाला. फरक एवढाच की मी लगेच दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. आई तिथंच हात धरून उभी राहिली.

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. मी सातवीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. आता मी दहावीत आहे, आणि विज्ञानाच्या तासाला बाई जमिनीतल्या उष्णतेचं नाव काढतात तेव्हा अख्खा वर्ग मान वळवून माझ्याकडे बघतो, तो त्या दोन दिवसांमुळे.

आमचं खामगव्हाण जालन्याहून तासाभरावर. मे महिन्यात तिथं कावळेसुद्धा चोच उघडी टाकून सावलीला बसतात. अशा महिन्यात त्या भागात शहाणं माणूस रेशमाच्या अळ्या पाळत नाही. अळ्यांना गारवा लागतो, म्हणून उन्हाळ्यात सगळ्यांची शेडं रिकामी असतात. आत्यानं पाळल्या होत्या, कारण तिच्या हातात तेवढा उन्हाळाच होता.

रेणूआत्या त्या साली संक्रांतीला माहेरी आली ती परत परभणीला, सासरी, गेलीच नाही. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या दंडावर भाजल्याचा डाग होता आणि तो तव्याचा आहे असं ती म्हणायची. तवा दंडाला कसा लागतो, असं मी एकदा विचारलं, तर आईनं मला घाईघाईनं दुकानात पिठीसाखर आणायला पाठवलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तिला मागच्या अंगणातला तुकडा दिला आणि एक शब्द घेतला. एक बॅच. एक बॅच कोषावर गेली तर ती इथं राहील आणि कुणी तिला काही बोलणार नाही. नाही गेली तर परभणीचे लोक न्यायला आले की मुकाट जायचं. अण्णा वाईट नव्हते. आपण डोळे मिटल्यावर हिचं कोण, हा एकच घोर त्यांना लागलेला होता. परभणीचे लोक सोमवारी येणार होते. आम्ही पोचलो तो शनिवार होता.

आणि ते शेड आईनं बांधलेलं होतं. आई पुण्याला एका ऑफिसात इमारती गार ठेवायची कामं करते, मॉल, दवाखाने, असलं. तिचं म्हणणं असं की आपण छतावर एसीची खोकी चढवून गारवा विकत घेतो, आणि तो आपल्याच पायाखाली फुकट पडलेला असतो. दोन पुरुष खोल गेलं की जमिनीला उन्हाळा कळत नाही आणि हिवाळाही कळत नाही. बाहेरची हवा तिथून पाइपातून फिरवून आणली की उन्हाळ्यात गार होऊन येते आणि थंडीत ऊब घेऊन. ऑफिसात तिला हे कुणी करू देत नव्हतं. तिचे साहेब म्हणायचे, काळ्या मातीत असले खेळ करू नका. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, तुमचे पाइप चेपून टाकेल. म्हणून नणंदेचं शेड हीच तिची पहिली स्वतःची इमारत. जाड भिंती, वर पाचटाचं दुहेरी छप्पर आणि अंगणाखाली लांबच लांब चार पाइप. अंगणाच्या टोकाला कडुनिंबाखाली एक धुराडं होतं, पुरुषभर उंच, वर जाळी. फक्त त्यातून धूर बाहेर यायचा नव्हता, हवा आत जायची होती. ती खाली सिमेंटच्या कड्यांच्या कुंडीत उतरायची, कुंडीतून पाइपात शिरायची आणि शेडमधला मोठा पंखा तिला ओढून घ्यायचा.

अळ्या लहान होत्या तोवर सगळं झकास होतं. आत्या फोन रॅकजवळ धरून आम्हाला त्यांचा पाला खाण्याचा आवाज ऐकवायची, सुकी पानं चुरल्यासारखा, न थांबणारा. आता मात्र शेडमध्ये फक्त पंखा घरघरत होता. जिवंत अळ्या पाला सोडून कडेला येऊन पडल्या होत्या. कोष करायला त्यांना अजून दोन-तीन दिवस हवे होते.

आईनं पंखा उघडला, पुसला, तारा तपासल्या. पंखा ठणठणीत. जाळीतून मात्र नुसती फुंकर येत होती, तीही गरम; दारा-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची झळ आत ओढली जात होती. थर्मामीटर पस्तिसाच्या खाली उतरेना. आम्ही गोणपाटं भिजवून खिडक्यांना लावली, ती बघता बघता वाळून कडक झाली. पुन्हा भिजवायला पाणी मागितलं तर आत्यानं टाकीत डोकावून मान हलवली. गावाला पाणी चार दिवसाआड येत होतं. मला अंघोळीला अर्धी बादली मिळाली आणि मी पुण्याच्या मुलीला शोभेल अशी कुरकुर केली. त्यावर अण्णा कडुनिंबाखालच्या बाजेवरून म्हणाले, तुला अर्धी तरी मिळाली, तुझी आत्या तर महिनाभर ओल्या फडक्यानं अंग पुसतीय, डोक्याला पाणी नाही, सासरी जायचं तर अशा अवतारात जाणार आहे का. आत्या चहा गाळत होती. गाळणं हलायचं तेवढं थांबलं.

अण्णांनी आईलाही सोडलं नाही. “काय म्हणती तुमची जमीन, वैजयंती? आमच्याशी तर बोलत नाही.”

आईनं आत्याला जवळ बसवून एकेक गोष्ट विचारायला सुरुवात केली, डॉक्टर विचारतात तशी. पंखा किती वेळ चालतो, जाळीवर पाचोळा बसतो का, खिडक्या कधी उघडतेस.

“आणि पहाटे पाइप धुऊन घेतेस ना?”

“एक दिवस चुकले नाही, वहिनी. अंधारातच उठते.”

“मग तुझं काहीच राहिलेलं नाही,” आई म्हणाली. “माझंच चुकलंय.”

संध्याकाळी ती टाकीमागे उभी राहून बाबांशी फोनवर बोलत होती. साहेब बरोबर होते, असं ती सारखं म्हणत होती. पाइप चेपले असणार, ते एवढे खोल की अळ्या आत असताना उकरता यायचे नाहीत, आणि उकरून झाले तरी सोमवार काही थांबणार नाही. मग बाबांचं ऐकून शेवटी म्हणाली, “इमारतीचं जाऊ दे रे. मी तिला म्हणाले होते, तुला जमीन सांभाळून घेईल. असं बोलून बसले मी.”

पहाटे गच्चीवर मला जाग आली ती डासानं. खाली अंगणात आत्या स्टुलावर चढून, पूर्वेकडे तोंड करून दोन्ही हातांनी बादली उंच धरत होती. सूर्याला अर्घ्य देतीय, असं मला वाटलं. बादलीनं अर्घ्य, म्हणजे नवस फारच मोठा असणार. मीही गोधडीतून हात जोडले आणि पुन्हा झोपले.

रविवारी दुपारी आईनं सांगून टाकलं. अण्णा बाजेवर, आत्या उंबऱ्यात, आणि आई भर उन्हात उभी, जशी काही शिक्षाच भोगत होती. पाइप चेपलेत, तिनं सांगितलं, दुरुस्ती पावसाळ्यानंतरच होईल, आणि सगळा दोष तिच्या आराखड्याचा आहे, रेणूचा नाही, हे अण्णांनी परभणीच्या लोकांना सांगावं. अण्णा म्हणाले, दोष कुणाचा का असेना, शब्द शब्द असतो. पण ते आत्याकडे बघत नव्हते, बाजेच्या सुंभाची एक सुटलेली गाठ पुन्हा पुन्हा आवळत होते.

आत्या उठून आत गेली. थोड्या वेळानं लोखंडी पेटीचं झाकण वाजलं.

मी शेडमध्ये पळाले. पाय मात्र बुडवले आधी. जाळीला गाल लावून खाली बसले, कारण रडायचं असलं की मला गार भिंत लागते आणि त्या अख्ख्या गावात तेवढीच भिंत जरा बरी होती. पंखा घरघरत होता. त्या घरघरीच्या खाली, खूप लांबून, आणखी एक आवाज येत होता. तो मी ओळखला. रसवंतीत ग्लासातला रस संपत आला आणि तरी आपण नळी ओढत राहिलो की येतो तो.

गुड, गुडगुड, गुड.

मी पेटीच्या खोलीत गेले. आत्या साड्यांच्या घड्या करत होती आणि आई तिच्या शेजारी हात बांधून उभी होती. मी म्हटलं, पाइपात पाणी आहे.

आईनं मान वर न करता सांगितलं की दिवाळीपासून पाऊस नाही, विहिरी तळाला गेल्यात, पाइपात पाणी कुठून येईल, आणि मी जरा वेळ बाहेर बसावं.

आत्यानं हातातली घडी पेटीत ठेवली. “असणारच की पाणी,” ती म्हणाली. “रोज घालते ना.”

आई तिच्याकडे वळली. “काय घालतेस?”

“ब्लीचिंगचं पाणी. बादलीभर, वरच्या जाळीतून. तूच सांगितलंस, पहाटे पाइप धुऊन घे. रेशमाच्या ट्रेनिंगलापण सांगितलं होतं, रोग आधी हवेतून येतो.”

आई मटकन पेटीच्या कडेवर बसली. तिनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं ती रडतेय, पण तिला रडू आणि हसू एकदम आलं होतं. “रेणू, अगं हवेनं,” ती कशीबशी म्हणाली. “पहाटेची हवा सगळ्यात गार असते ना. पंखा जोरात लावून ती सोडायची, खिडक्या सताड उघडायच्या. दिवसभराची ऊब पाइपातून धुऊन निघते.”

“हवेनं कुणी धुतं का, वहिनी?”

ऑफिसात सगळे त्याला फ्लश करणं म्हणतात. आत्याला तो शब्द कळायचा नाही म्हणून आईनं मुद्दाम सोपा करून सांगितला होता.

“एकदा विचारायचं तरी,” आई म्हणाली.

“विचारलं असतं तर म्हणाली असतीस, एवढंही कळत नाही हिला.” आत्यानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “तिथं रोज तेच ऐकत होते. म्हटलं, इथं तरी नको.”

दारात अण्णा उभे होते. ते कधी आले, आम्हाला कळलं नव्हतं. “म्हणजे ते अंघोळीचं पाणी,” ते म्हणाले. वळून अंगणात गेले. आम्ही बाहेर आलो तेव्हा ते आपली बाज एकट्यानं ओढत होते. कुंडीचं झाकण बरोब्बर त्यांच्या बाजेखाली, मातीनं झाकलेलं होतं. महिनाभर ते दुपारी त्या पाण्यावरच लवंडत होते.

झाकण सरकवलं आणि ब्लीचिंगचा वास असा वर आला की आम्ही चौघंही मागं सरलो. शेडमध्ये तोच वास, दारात तोच, आत्याच्या हातांना तोच. त्यामुळे जाळीतून येणाऱ्या हवेलाही तो आहे, हे कुणाच्या नाकाला कळलंच नव्हतं. कुंडीच्या तळाला आईनं खडी घातली होती, हवेतला दमटपणा थेंबाथेंबानं गळाला तर जिरावा म्हणून. ती खडी पावडरीच्या गाळानं बुजून गेली होती. पाणी पाइपांच्या तोंडांवर चढलं होतं. खाली काळंभोर आणि स्वस्थ.

आईनं पंखा बंद केला, झाकण उघडं ठेवून बराच वेळ वारा खेळू दिला. मग दोर आणि बादली. आई ओढायची, आत्या रिकामी करायची. आई दमली की आत्या ओढायची. ऊन असं होतं की दोर तळव्याला चटके देत होता. टाकीत पाण्याचा थेंब नसलेल्या त्या घरात आम्ही बादल्यामागून बादल्या कडुनिंबाच्या लांबच्या कडेला ओतत होतो, आणि प्रत्येक बादलीबरोबर आत्याचा चेहरा पडत होता. ती बादल्या ओळखत होती, असं मला वाटलं.

गुडघाभर पाणी उरलं तेव्हा बादली आडवी होईना. आई उतरायला निघाली, पण दोरानं तिचे तळवे सोलून निघाले होते. आत्याचा साडीत कुंडीच्या भिंतीतल्या कांबींवर पाय ठरेना. मी म्हटलं, मी जाते. दोघी एका सुरात नाही म्हणाल्या. नणंद-भावजयीचं एवढं एकमत मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

“जाऊ द्या तिला,” अण्णा म्हणाले. “दोर मी धरतो.”

तोंडाला ओला रुमाल आणि कमरेला दोर बांधून मी कांबी धरून उतरायला लागले. पहिल्या कांबीला पाय भाजला. दुसरी कोमट होती. पुढं मी मोजायचं विसरले. कारण घोट्यांना काहीतरी लागायला लागलं, मग पोटऱ्यांना, मग कमरेला, आणि मी तळाच्या पाण्यात पाय ठेवला तेव्हा दातावर दात आपटला. वर गाव होरपळत होतं. इथं कुंडीच्या भिंतीला हात लावला तर माठाला लावावा तसा. माती कुठं गेलेली नव्हती. तिचं काम ती करतच होती. आम्हीच तिच्या तोंडात पाणी भरून ठेवलं होतं.

मी वर बघितलं. गोल उजेडात तीन डोकी होती.

“आई,” मी म्हटलं, “इथं गार आहे.”

वरून नुसता एक हुंदका ऐकू आला, तो कुणाचा ते त्या गोलात कळेना.

मी भांड्यानं पाणी भरभरून बादलीत घालत राहिले. पाइपांची तोंडं उघडी पडली, एक, मग उरलेली तिन्ही. मी आत हात घालून चाचपलं. सरळ, गोल, गुळगुळीत. कुठं चेपलेलं नाही, कुठं भेग नाही. आईनं वरून विचारायच्या आधीच मी ओरडून सांगितलं. मग आईनं आत्याला पंखा लावायला पाठवलं, आणि मला लगेच वर यायला सांगितलं. मी आले नाही. सगळ्यात खालच्या कांबीवर थांबले.

खोलवर कुठंतरी एक उचकी लागल्यासारखं झालं. उरलंसुरलं पाणी खळखळलं. मग धुराड्यातून वारा खाली कोसळला, माझ्या मानेवरून, पाठीवरून, आणि माझी वेणी उचलून सरळ पाइपाच्या तोंडाकडे धरली. आईनं आखलेली हवा, तिनं आखलेल्या वाटेनं, माझ्या अंगावरून चालली होती.

त्या रात्री थर्मामीटर उतरत होता, पण तिसरा हिस्सा अळ्या गेल्या होत्या आणि उरलेल्या पाल्याला तोंड लावतील की नाही, ते त्यांनाच ठाऊक. सोमवारी पहाटे आई आणि आत्यानं मिळून पाइप धुतले. हवेनं. खिडक्या सताड उघड्या टाकून दोघी मध्ये उभ्या होत्या आणि दोघींचे पदर, म्हणजे एकीचा पदर आणि एकीची ओढणी, एकाच दिशेला उडत होते. मी पाला पसरला. आम्ही तिघी जमिनीवर कान देऊन बसलो. पहिल्यांदा आत्याच्याच कानांनी टिपलं. तिनं माझा हात दाबला. सुकी पानं चुरल्यासारखा आवाज, एका रॅकमधून, मग दुसऱ्या.

ऊन चढल्यावर परभणीची जीप आली. आतोबा आणि त्यांचे थोरले भाऊ उतरले. थोरल्यांनी अण्णांशी उन्हाच्या, पाण्याच्या गोष्टी काढल्या. आतोबा बसले नाहीत. ते बूट वाजवत अंगणातून सरळ शेडच्या दारापर्यंत गेले.

“ए,” ते म्हणाले, “झालं ना तुझं? चल, आटप.”

आत्या आतून दाराशी आली. डोक्यावरून न्हालेली होती. अण्णांनी सकाळीच शेजारून दोन घागरी आणल्या होत्या, स्वतः. तिच्या हातातल्या ताटात अळ्या होत्या, त्यातल्या काही माना वर करून डोलत होत्या. कोषाला तयार झाल्या की त्या तशा डोलतात.

“आधी पाय बुडवा,” ती म्हणाली.

आतोबांना नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी खाली घमेल्याकडे बघितलं, मग मागं वळून हसत अण्णांकडे, हे काय नवीन, अशा नजरेनं.

अण्णा बाजेवरून उठले. त्यांच्या पावलांवर घोट्यापर्यंत पांढरी वाळलेली रेघ होती.

“बुडवावे लागतात, जावईबापू,” ते म्हणाले. “त्याशिवाय रेणू मलासुद्धा आत घेत नाही.”

आतोबा उन्हात उभे राहिले. दारातून येणारा गारवा त्यांच्या तोंडावर येत असणार, कारण त्यांनी एकदा डोळे मिटले. पण बूट काही सोडले नाहीत. आत्यानं थोडा वेळ वाट बघितली. मग गारवा बाहेर जायला लागला, तशी तिनं दार लावून घेतलं.